आडवा मोबाईल

आमच्या गावात दारूचं दुकान नाही. होतं, पण भिवराआत्यानं ते आडवं केलं. सरकारी मतदान झालं होतं, पेटीबिटी ठेवून. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. बायका लेकरं काखेला मारून रांगेत उभ्या राहिल्या आणि बाटली अशी आडवी झाली की पुन्हा उठली नाही. पिणारे आता मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जातात, ते वेगळं. जायला-यायला भाडं पडतं, तेवढं तरी पिणं कमी होत असेल, असं आम्ही आपलं समजून घेतलंय.

तेव्हापासून गावात काहीही बिघडलं की भिवराआत्याचा पहिला प्रश्न एकच, "ह्ये आडवं करता येतंय का?"

माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळं आमच्या गावात गुपित असं फारसं टिकत नाही. बबिता, माझी चुलत जाऊ, दसऱ्याच्या आधी ज्वारीचा डबा घेऊन आली आणि पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून म्हणाली, "आक्का, औंदाची उचल बी इमानात बसनार बघा!" तेव्हा तिथं बसलेल्या सगळ्या जणींना कळलं, आणि कुणालाच नवल वाटलं नाही.

नेकनूरच्या पलीकडच्यांसाठी थोडं सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. हंगाम लागायच्या आधी मुकादम एका कोयत्याला जी रक्कम आगाऊ देतो, ती उचल. ती घेतली की उन्हाळ्यापर्यंत दोघांचे चारही हात मुकादमाचे. उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते. कोयता दोघांचा आणि मूठ एकाची, असा तो हिशेब.

आणि विमान म्हणजे मोबाईलमधलं. पडद्यावर एक चिमुकलं विमान वर वर जातं. ते दिसतंय तोवर लावलेल्या पैशांचे दुप्पट, तिप्पट, दहापट होत जातात. ते गडप व्हायच्या आत बोट दाबून आपले पैसे काढून घ्यायचे. बबिताचा नवरा, माझा दीर सिदू, हा उसाच्या बुडाला असा घाव घालणारा की जमिनीवर खुंट म्हणून शिल्लक राहत नाही. पण विमानाच्या बाबतीत त्याचं बोट कायम एका श्वासानं उशिरा. गेल्या साली ट्रक गावाची शीव ओलांडेपर्यंत निम्मी उचल उडून गेली होती. उरलेली घाटात गेली, तिथं रेंज चांगली आहे.

हा खेळ गावात आणला हरिओमनं. स्टँडवर त्याचं रिचार्जचं दुकान. पुढं चार्जर, कव्हर, झेरॉक्स, आत ‘आयडी’. हरिओमला नगद द्यायची, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आयडी पाठवणार, त्यात तेवढे पॉइंट. मागं दिल्लीत कायदा झाला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद. जाहिराती करणारे हिरो गप झाले. हरिओमचा धंदा मात्र वाढला, कारण आता सगळंच त्याच्या हातून व्हायला लागलं. वर तो आप्पाराव मुकादमाचा सख्खा पुतण्या. काका उचल वाटणार, पुतण्या आठवड्यात गोळा करून आणणार. पैसा घरातून निघून घरीच जेवायला येत होता.

पण ह्या वर्षी बबिताचं दुखणं नुसतं पैशाचं नव्हतं. तिची पोरगी प्रियदर्शनी बारावी झाली होती आणि बीडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. फीची मुदत नेमकी उचलीच्या आठवड्यात. फी भरली तर पोरगी होस्टेलवर. नाही भरली तर आईबापासंगं फडात. आणि एकदा फडात गेलेल्या वयात आलेल्या पोरीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरतंच. फडावरच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, दार नसतं, मग आईबाप दुसरं काय करणार?

"दुकान उचलीच्या आधी बंद झालं पायजे," बबिता म्हणाली. "मग पुढं मी हाय आन् ह्ये हायत."

भिवराआत्या सुपात गहू पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मोबाईल आडवा करता येतंय का?"

आम्ही दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक अभिमन्यू म्हणजे चांगला पोरगा. कुणाला उगाच हेलपाटा घालायला लावत नाही. त्यानं आत्याला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"आत्या, तो नियम दारूचा आहे. त्यात मोबाईल बसत नाही."

"बाटली केवढी असती? मोबाईल त्याच्याहून बारीक हाय. बसतंय. तू बाटलीच्या जागी मोबाईल लिव्ह."

"मी कसा लिहिणार? नियम वरून येतो."

"मग वर फोन लाव."

अभिमन्यूनं डोकं खाजवलं. "अहो, मतदान कशाला? हे कायद्यानं बंदच आहे आधीपासून."

"बंद हाय तर चालू कसं?"

अभिमन्यूनं चहाचा कप आत्याकडं सरकवला. ह्याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर सांगा. तो एवढंच म्हणाला की कुणीतरी नावानिशी तक्रार द्यायला पाहिजे, ह्यानं ह्याला पैसे दिले, असं. ते ऐकलं आणि आम्ही सगळ्या चपला शोधायला लागलो. नाव द्यायचं म्हणजे नवऱ्याचं द्यायचं. जुगार खेळला म्हणून उद्या नवराच आत बसला तर? पत्ते खेळताना पोलिसांनी धरून नेलेले आमच्यातल्या कितीक जणींनी पाहिले होते.

भिवराआत्या मात्र बाहेर येऊन म्हणाली, "त्याच्या वरच्याला फोन लागंना, तर लागंना. मतदान आपन घिऊ."

आणि आम्ही घेतलं. मारुतीच्या मंडपात दोन टोपल्या मांडल्या. एकीपुढं विटेला टेकवून मोबाईल उभा ठेवला, दुसरीपुढं आडवा. प्रत्येकीनं घरून एक मूठ ज्वारी आणायची आणि जी टोपली पटेल तीत टाकायची. ऊसतोडीच्या टोळीतल्या झाडून सगळ्या बाया आल्या. आडवी टोपली भरून सांडायला लागली. उभ्या टोपलीत एकच मूठ पडली, ती हरिओमच्या आईची. तिनं ती आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत बघून टाकली. मला खरं सांगायचं तर तिचं कौतुक वाटलं.

गडीमाणसं पारावर बसून हसत होती. हरिओम मोबाईलवर सगळं शूट करत फिरत होता.

"आत्या, निकाल दुबईला खेळाच्या मालकाला कळवू का?"

"कळव," भिवराआत्या म्हणाली. "आन् सांग, ज्वारी शाळूची हाय. सरकारी न्हाई."

आप्पाराव मुकादम स्वतः आला. पांढरं धोतर, पांढरी मिशी, माणूस तसा दिलदार. त्यानं सगळ्या बायांना चहा पाजला. "करमनूक झाली," म्हणाला. "दरसाल घेत जावा."

झालं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तिसऱ्या दिवशीही उघडलं. सिदू सकाळ-संध्याकाळ स्टँडवरच. ज्वारीची टोपली माझ्या गिरणीत येऊन पडली होती, कारण ती आता कुणाची म्हणायची हेच ठरेना. बबिता दळण घेऊन आली की त्या टोपलीकडं बघत बसायची. एका दुपारी लाईट गेलेली, गिरणी बंद. आम्ही दोघीच.

"आक्का, ह्या टोपलीत मुठी किती असतील?"

"टोळीत बाया जेवढ्या, तेवढ्या."

"आन् बाया जेवढ्या तेवढेच कोयते की न्हाई?"

"तेवढेच."

तिनं हात घालून ज्वारी वर उचलली आणि बोटांतून सोडत राहिली. "मग आक्का, मुकादमाकडं आता निम्मेच कोयते ऱ्हायले म्हना की."

 वीस वर्षं झाली ही माझी जाऊ. स्वयंपाकात मीठ किती, हे अजून मला विचारते.

त्या आठवड्यात माझ्या गिरणीत पहिल्यांदाच हळू आवाजात बोललं गेलं.

उचलीच्या दिवशी आप्पारावच्या आवारात मांडव घातला होता. ट्रक दारात उभे. गडी पुढं, बाया मागं भिंतीच्या कडेला. ग्रामसेवक अभिमन्यूही एका बाजूला टेबल टाकून बसला होता, तोडीला जाणाऱ्यांची ओळखपत्रं करायला. मी तोडीला जात नाही, पण मीही जाऊन बसले. म्हटलं, जावेच्या बाजूला कुणीतरी पाहिजे.

हल्ली उचल देताना व्हिडिओ काढतात. एखादा कोयता एकाची उचल घेऊन दुसऱ्याच मुकादमाकडं पळायचा, म्हणून ही काळजी. नवरा-बायको शेजारी शेजारी, नवऱ्याच्या हातात नोटा, आणि नवऱ्यानं म्हणायचं, ‘आमी राजीखुशीनं उचल घेतली.’ बायकोनं पदर घेऊन खाली बघायचं. तिनं काही बोलायचं नसतं, पण ती व्हिडिओत पाहिजेच. ती नसली तर कोयता पुरा होत नाही.

"सिदू, ये," आप्पाराव म्हणाला. "बबिता, तू बी सरक हिकडं, चौकटीत ये."

बबिता बसून राहिली.

"ये की गं," सिदू म्हणाला.

"तुमी घ्या. म्या औंदा तोडीला येत न्हाई."

मांडवात हशा पिकला. "रुसली," आप्पाराव म्हणाला. "सिद्या, साडी घे बे तिला एखादी. चल, पुढचा. परमेश्वर!"

परमेश्वर पुढं गेला. त्याची बायको सुनिता पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली होती, ती बसूनच राहिली.

"तुला काय झालं आता?"

"म्या बी न्हाई येत."

तिसरं नाव झालं. चौथं झालं. गडी एकामागं एक पुढं जाऊन एकेकटे उभे, आणि भिंतीकडून एकही बाई उठेना. हशा कधी विरला कळलंच नाही. आप्पारावनं मोबाईल खाली घेतला.

"आरं, ह्ये काय चाल्लंय? अर्धे कोयते घिऊन म्या काय करू?"

"म्या एकटा येतो मुकादम," परमेश्वर म्हणाला.

"तू तोडशील बे! आन् मोळी कोन बांधंल? गाडीत कोन चढवंल, तुजा बाप?"

"माजा बाप तुमच्याकडंच होता, मुकादम," परमेश्वर म्हणाला. "त्यो बी मायला घिऊनच यायचा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बबिता उठली. तिनं पदर खोचला. आवाज गिरणीतला, पट्ट्याच्या वर जाणारा.

"मुकादम, तोडीला यायला आमची ना न्हाई. पन हरिओमचं दुकान आधी बंद व्हावं. आन् कोयता दोघांचा हाय, तर निम्मी उचल बायकोच्या खात्यात टाका. लाडक्या बहिनीचे पैसे येतात, तेच खातं. समद्यांचं हाय."

"दुकान माजं हाय का? पोराचं हाय. त्यो आत काय करतो मला काय ठाव!"

"गाळा तुजा, मीटर तुजं," भिवराआत्या म्हणाली. "पोरगं तेवढं भावाचं. न्हाई जमत तर सांग. तेलगावकडचा मुकादम कोयते हुडकत फिरतोय, सकाळीच फोन येऊन गेला."

हा फोन आला नव्हता. मला माहीत होतं, कारण आत्याचा फोन चार्जिंगला माझ्याकडं होता.

एवढ्यात हरिओम आला. डोळ्यांवर गॉगल, तो त्यानं कपाळावर चढवला. "काय लावलंय, आत्या? म्या बंद केलं तरी ह्ये चालूच ऱ्हानार. सर्व्हर भाईर देशात हाय."

"त्यो देश आमाला दिसत न्हाई, बाबा," भिवराआत्या म्हणाली. "तू दिसतूस. जेवढं दिसतंय तेवढंच आमी आडवं करनार."

आता आप्पारावचा चेहरा बदलला. त्यानं चहा पाजणारा हात मांडीवर आपटला. "बरं! करा तक्रार. खुशाल करा. समद्यांच्या मोबाईलमधी आयडी हायत. पयले तुमचेच नवरे आत जातील, मग बसा वाट बघत!"

भिंतीकडच्या बायांचे चेहरे पडले. सुनितानं परमेश्वराकडं बघितलं आणि तिचं बूड जमिनीवरून थोडं उचललं गेलं. एक उठली असती, तर सगळ्या उठल्या असत्या. बबिता सिदूकडं बघत होती. ती आता रडेल असं मला वाटलं, आणि तिच्या आधी मीच रडते की काय, असंही वाटलं.

टेबलाकडून अभिमन्यूनं घसा साफ केला.

"मुकादम, तसं नाही ते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही त्या कायद्यात. खेळवणाऱ्याला आहे. जाहिरात करणाऱ्याला आहे, त्याचे पैसे फिरवणाऱ्याला आहे. खेळणारा फसलेला, असं धरलंय."

मांडवातल्या सगळ्या माना टेबलाकडं वळल्या.

"मेल्या," भिवराआत्या म्हणाली, "ह्ये तवाच कावून न्हाई बोललास?"

"तुम्ही विचारलंच नाही, आत्या. तुम्ही मला नियमात बाटलीच्या जागी मोबाईल लिहायला सांगत होता."

सिदू अजून पुढंच उभा होता, जिथं व्हिडिओसाठी उभं केलं होतं तिथं. त्यानं खिशातून मोबाईल काढला.  ह्या माणसाला मी नवरदेव म्हणून घोड्यावर बसताना पाहिलंय, तेव्हाही तो एवढा घाबरलेला नव्हता.

"मग लिव्हा माजं नाव, भाऊसाहेब."

"सिद्या!" हरिओम ओरडला. "शुद्धीवर हाईस का बे?"

"आज हाय." सिदूनं मोबाईल वर धरला. "पैसे दुकानात दिलते, आतल्या खोलीत. आयडीचे मेसेज समदे हायत. येक बी पुसला न्हाई. रोज बघायचो, उद्या वसूल करीन म्हनून."

आणि मोबाईल त्यानं अभिमन्यूला दिला नाही. चालत भिंतीपर्यंत आला आणि बबिताच्या हातात ठेवला. एवढ्या माणसांसमोर नवऱ्यानं बायकोच्या हाताला हात लावलेला आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिला असेल. दोघांनाही कुठं बघावं सुचेना.

मग परमेश्वर म्हणाला, "माजं बी लिव्हा." मग आणखी एक. गड्यांना असं काही सुरू करायला फक्त पहिला लागतो, मग खेळ असो की खरेपणा.

आप्पाराव मुकादमाला मी एका गोष्टीत मानते, त्याला आकडे कळतात. दारात ट्रक, कारखान्याची तारीख डोक्यावर, समोर सगळे अर्धे कोयते, आणि पुतण्याच्या नावावर साक्षीदार वाढत चाललेले. तो खुर्चीवरून उठला.

"हरिओम, शटर पाड."

"काका, आवो..."

"पाड म्हन्लं ना! आन् किल्ली हिकडं आन."

मांडवातून आवाज उठला. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात तशी रीत नाही, पण बांगड्यांचा जो एकदम गलका झाला तो स्टँडपर्यंत गेला असेल. भिवराआत्यानं डोक्यावरचा पदर काढून पुन्हा घेतला, उगाचच.

"किल्ली ठिवा तुमच्याकडं, मुकादम," बबिता म्हणाली. "तक्रार तरी बी जानार. शटर काय, उद्या परत उचलता येतंय."

आणि तक्रार गेली, त्याच दुपारी, अभिमन्यूच्या मोटारसायकलीवर मागं सिदू बसून. पण ते नंतरचं. आधी उचल झाली. आप्पारावनं दुसरी अटही मानली, निम्मी नवऱ्याच्या हातात, निम्मी बायकोच्या खात्यात. फोन वाजायला लागले, एकीचा, दुसरीचा, अख्खी भिंत टिंगटिंग करायला लागली. बबिताच्या खात्यात पैसे आले तसं तिनं प्रियदर्शनीला हाक मारली. पोरगी सकाळपासून दारात उभी होती, आत यायची हिंमत नव्हती तिला. मायलेकींनी मांडवाच्या खांबाला टेकून, डोक्याला डोकं लावून, फी भरली. पोचल्याचा मेसेज आला तेव्हा प्रियदर्शनीनं तो मोठ्यानं वाचला, कॉलेजच्या नावासकट. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आता सुई द्यायला हिच्याकडंच यावं लागंल." सिदू म्हणाला, "तुला मोठी सुई दे म्हनतो तिला."

"चला, चला," आप्पाराव म्हणाला. "व्हिडिओ ऱ्हायलाय. बबिता, आता तरी येशील का?"

बबिता गेली. सिदूच्या शेजारी उभी राहिली. आप्पारावनं मोबाईल धरला. सिदूनं तोंड उघडलं, तर तीच बोलली.

"मी बबिता. मी आन् ह्ये, आमी दोघांनी राजीखुशीनं उचल घेतली."

"झालं," आप्पाराव म्हणाला. "पुढचा."

"दावा की," बबिता म्हणाली.

"काय?"

"कसा आला त्यो दावा."

आप्पाराव आयुष्यात कुणाला व्हिडिओ दाखवत बसला नसेल. पण त्यानं मोबाईल पुढं केला. तिनं तो हातात घेतला, ऊन लागू नये म्हणून पदराची सावली धरली आणि नीट शेवटपर्यंत पाहिला.

"परत काढा, मुकादम," ती म्हणाली. "ह्यात माजी मान खाली आलीया."

आप्पारावनं परत काढला.